वॅट भागिले वजन

वारजे, पुणे
१९ नोव्हेंबर २०२३

प्रिय आत्या,

पाडव्याला पप्पांनी मला काय दिलं, ओळख. सोनं नाही, ड्रेस नाही. पॉवर मीटर. दिसायला सायकलची दोन पेडल, बस. पण पाय त्यावर किती जोर लावतो ते आतल्या आत मोजलं जातं आणि हँडलवरच्या छोट्या स्क्रीनवर आकडा येतो. वॅटमध्ये, तुझ्या गिरणीच्या मोटरवर लिहिलेलं असतं तसंच. डाव्या पायाचा जोर वेगळा, उजव्याचा वेगळा, तेही कळतं.

किंमत ऐकून आई खालीच बसली. सत्तर हजार. रस्त्याकडच्या गाळ्याचं डिपॉझिट आलं होतं, ते सगळं पप्पांनी यात घातलं. आई म्हणाली, "पेडल तर आधीच होती की सायकलला." पप्पा म्हणाले, "तुला नाही कळायचं."

मला मात्र ते आवडलंय. आजवर पप्पा स्कूटरवरून मागे यायचे आणि माझ्या चेहऱ्यावरून ठरवायचे, मी जोर लावतेय की टाळतेय. गेल्या वर्षी निवडीच्या वेळी मला सांगितलं, तुझ्यात दम दिसत नाही. कोणाला दिसत नाही, कशावरून, काही नाही. आता आकडा आहे. तो कोणाची ओळखपाळख बघत नाही.

आणि यंदा मला आकडा लागणारच आहे. आबांनी सांगून टाकलंय, एप्रिलमध्ये राज्याच्या संघात आलीस तर खेळ, नाहीतर उन्हाळ्यात लग्न. मागच्या आठवड्यात एक जण बघूनही गेले. मुलाने मला विचारलं, उन्हात सायकल चालवून पाय काळे पडत नाहीत का. मी म्हटलं, पडतात.

एप्रिलची निवड चाचणी होईपर्यंत माझा फोन पप्पांकडे राहणार आहे. तुला तसंही फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे आपल्या दोघींचं काही बिघडत नाही.

तुझी,
वैष्णवी

फलटण
२ डिसेंबर २०२३

चि. वैष्णवीस अनेक आशीर्वाद.

पत्र गिरणीत उभ्या उभ्या वाचलं, त्यामुळे त्याला आता ज्वारीचा वास येतो. कान या गिरणीने नेले, डोळे अजून शाबूत आहेत, तेव्हा लिहीत जा.

मोजणाऱ्या यंत्राचं कौतुक मला सांगू नकोस, आयुष्य त्याच्यासमोर गेलं. मोटरवर भार किती आला एवढं काटा दाखवतो. दाणा ओला होता की पट्टा सैल होता, ते आपणच वाकून बघायचं असतं. बाकी वस्तू चांगली असेल. सत्तर हजारांत माझ्याकडे नवी चक्की आली असती, पण मला कोण पाडवा देणार.

फोन काढून घेतला म्हणून रणजितवर चिडू नकोस. तो तुझ्यापेक्षा लहान असताना खडकवासल्यापर्यंत शर्यती मारायचा. घरी उसाला पाणी द्यायला माणूस नाही म्हणून आबांनी त्याची सायकल दूधवाल्याला देऊन टाकली. रणजित त्या दिवशी जेवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाणी धरायला गेला. त्यानंतर त्याने कधी विषय काढला नाही. तू सायकल मागितलीस तेव्हा मला वाटलं होतं, तो नाही म्हणेल. त्याने दोन दुकानं फिरून आणली.

आबांचं मी बघते. जेवत जा. पायांना जोर पोटातून येतो.

तुझी आत्या,
शकू

वारजे
२१ जानेवारी २०२४

प्रिय आत्या,

जिंकले. खडकवासल्याच्या पुढे, डोणजे फाट्यावरून वरच्या चढाची शर्यत होती. शर्मिला दुसरी आली, जी मला दोन वर्षं मागे टाकत होती. पप्पांनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असं त्यांनी शेवटचं कधी केलं होतं, आठवत नाही.

कसं जमलं ते सांगते. चढावर नुसते वॅट बघत नाहीत. वॅट भागिले वजन. आमच्या कोचनी, राकेश सरांनी, फळ्यावर लिहून दाखवलं. वरचा आकडा वाढायला वर्ष जातं, आणि कधीकधी तो वाढतच नाही. खालचा आकडा आपल्या हातात असतो. दिवाळीत मी छप्पन किलो होते, आता एकोणपन्नास. पप्पांनी बाथरूमच्या बाहेर वजनकाटा ठेवलाय. सकाळी उठले की आधी काटा, मग सायकल, मग भागाकार. भागाकार पप्पा करतात. चांगला आला की मोठ्याने वाचून दाखवतात.

भात आणि भाकरी बंद केली. आधी त्रास झाला, आता भूक लागली की उलट बरं वाटतं, काहीतरी काम चाललंय असं. संक्रांतीला आईने गुळाच्या पोळ्या केल्या. मी एक घेतली आणि रुमालात गुंडाळून ठेवली. आईने ते पाहिलं. डबा उचलून शेजारी देऊन आली.

थंडी मात्र यंदा खूप वाजते. केस गळतात, ते बहुतेक शॅम्पूमुळे. आणि डिसेंबरपासून पाळी आलेली नाही. शर्मिला म्हणते, तिचंही असंच झालं होतं, म्हणजे ट्रेनिंग लागू पडतंय. मला तर सोयच झाली. आईला सांगितलं नाही, ती उगाच घाबरेल. तुला म्हणून सांगितलं.

तुझी,
वैष्णवी

फलटण
२९ जानेवारी २०२४

चि. वैष्णवीस आशीर्वाद.

शर्यतीचं वाचून आनंद झाला, पण पुढचं वाचलं आणि गिऱ्हाईक उभं असताना मी गिरणी बंद केली.

मी आडून विचारणार नाही. कोणी आहे का? हे राकेश सर वयाने किती आहेत? त्यांच्याबरोबर एकटी जातेस का कुठे? वजन उतरलं, थंडी वाजते, अन्न नको वाटतं, ही सगळी लक्षणं मी घरातल्या बायकांत पाहिली आहेत. काही झालं असेल तर लपवू नकोस. दिवस गेले असतील तर उशिरा उपाय कठीण होतो. सरळ फलटणच्या बसमध्ये बस. इथे मी एकटी आहे, विचारणारं कोणी नाही. रणजितला मी यातला एक शब्द कळू देणार नाही, हे तुला लिहून देते.

वजनाची काळजी नाही. तुझ्या वयात मीही काटकुळीच होते. काळजी आहे ती दुसरी.

लगेच उत्तर पाठव.

तुझी आत्या,
शकू

वारजे
१० मार्च २०२४

ती. शकूताईस, रणजितचा नमस्कार.

मी कधी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत हाय. पण तुला फोनवर सांगायचं म्हणजे सगळ्या गल्लीला सांगायचं, म्हणून लिहितो.

पोरगी जानेवारीत उडत होती. आता आकडा दर आठवड्याला खाली चाललाय. आधी मला वाटलं मीटर बिघडलं. कसबा पेठेतल्या एका दुकानात नेलं, त्याने दुसऱ्या मीटरशी ताडून बघितलं. मीटर चोख हाय. म्हणजे खोट पोरीत हाय.

वजन अजून उतरलंय, सत्तेचाळीस. तरी भागाकार दिवाळीत होता तेवढाच येतो. नम्रता, आईच ती, मला म्हणते, "मग एवढं उपाशी राहून तिने मिळवलं काय?" आता हिला काय समजावणार.

डावा पाय तर नुसता फिरतोय. जोर सगळा उजव्याचा. मी विचारलं, "डाव्याला काय झालं?" म्हणाली, "काही नाही." राकेश सर म्हणतात, वाईट सवय लागलीय, मोडली पाहिजे. आता रोज तिला एकट्या डाव्या पायाने पेडल मारायला लावतो. डोळ्यांत पाणी येतं तिच्या, पण करते. लबाडी पकडली गेली म्हणून येत असेल.

माझा संशय वेगळा हाय. मन दुसरीकडे गेलंय. कोणी मुलगा हाय का, तू विचार. तुला सांगेल ती. चाचणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हाय. आबा रोज विचारतात.

तुझा,
रणजित

फलटण
१६ मार्च २०२४

चि. रणजितास आशीर्वाद.

तू मला विचारायला सांगतोस ते मी जानेवारीतच विचारलं. तेव्हापासून तिने मला पत्र पाठवलेलं नाही. त्यावरून मी काय समजायचं ते समजले.

तिला शब्द दिला होता की तुला सांगणार नाही. तो मोडते आहे. डिसेंबरपासून तिची पाळी आलेली नाही.

आरडाओरडा करू नकोस. हात उचलू नकोस. आबांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. नम्रताला बरोबर घे आणि बाई डॉक्टरकडे ने. आणि काही निघालं तर तिला माझ्याकडे पाठव, पुढचं मी बघेन.

शकू

वारजे
२७ मार्च २०२४

आत्या,

तुम्ही लिहून दिलं होतं. ते पत्र अजून माझ्याकडे आहे.

काय झालं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून हे लिहिते. पप्पा माझ्याशी काही बोलले नाहीत. आईला म्हणाले, "हिला घे," आणि रिक्षा बोलावली. दवाखान्यात मला लघवीच्या तपासणीची बाटली दिली. आई आत, पप्पा बाहेर बाकावर. शेजारी आमच्या सोसायटीतल्या एक बाई बसल्या होत्या, त्यांना ते म्हणाले, पोरीला ॲसिडिटी आहे.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, "तसं काही नाही." आई भिंतीला टेकून रडली. घरात मला कोणी विचारलंच नव्हतं, आत्या. तुमच्या जानेवारीच्या पत्राचा मला राग आला होता, म्हणून उत्तर दिलं नाही. पप्पांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, तसं काही नाही.

मग बाईंनी पप्पांना आत बोलावलं. म्हणाल्या, "मुलगी उपाशी आहे. म्हणून पाळी गेलीय. हाडांची तपासणी करा, रक्त तपासा, आणि सायकल बंद."

पप्पांनी विचारलं, "किती दिवस?"

"निदान सहा महिने."

"निवड तोंडावर आलीय, मॅडम. ती झाली की तुम्ही म्हणाल ते करू."

बाईंनी तपासण्यांची चिठ्ठी लिहून दिली. पप्पांनी ती खिशात घातली. येताना रिक्षात ते खूश होते. मला म्हणाले, "आता मन लावून चालव. डोक्यावरचं ओझं उतरलं."

बाईंनी मला वेगळं विचारलं होतं, कुठे दुखतं का. मी नाही म्हटलं. हो म्हटलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी बंद केलं असतं, आणि बंद झालं की आबांनी बघितलेला मुलगा आहेच. तो परत येऊन गेला.

दुखतं. कुठे ते तुम्हाला सांगणार नाही. तुमच्याकडे सांगितलेलं तुमच्याकडे राहत नाही.

मला पत्र लिहू नका.

वैष्णवी

पुणे
१४ एप्रिल २०२४

ती. शकूताईस,

दवाखान्यातून लिहितोय. हे पत्र शेजारच्या पोराच्या हाती पाठवतोय, पोस्टाने उशीर होईल. वाचून ये.

चाचणीत ती दुसरी चालली होती. पहिल्या तिघी घेणार होते. चढाचा शेवटचा टप्पा राहिला होता. मी स्कूटरवरून मागं होतो आणि ओरडत होतो, "डावा पाय, डावा पाय." ती मान खाली घालून चालवत होती. मग आवाज आला. वाळलेली काटकी मोडावी तसा. मला वाटलं साखळी तुटली. ती लगेच पडली नाही. पेडल अर्धं फिरलं, थांबलं, आणि मग सायकलसकट आडवी झाली.

मी जवळ गेलो आणि म्हटलं, "उठ, अजून होईल." ताई, हाड मोडलेल्या पोरीला मी हे म्हटलं. तिने उठायचा प्रयत्न केला.

डॉक्टर म्हणाले, पडली म्हणून मोडलं नाही, मोडलं म्हणून पडली. डाव्या खुब्याचं हाड. आत चीर होती, बरेच आठवडे जुनी. साठीच्या बाईसारखी हाडं झालीत म्हणाले. स्क्रू घातलेत. हाडाला रक्त पोचलं तर पोचलं, नाहीतर खुबा बदलावा लागेल, या वयात. सायकल संपली.

मला वाटलं डॉक्टरांना कळावं, पोरगी किती तयारीची होती. म्हणून आपण होऊन मोबाइलवरचे आकडे दाखवले. ते बराच वेळ बघत होते. फेब्रुवारीपासून डाव्या पायाचा जोर पायरी पायरीने उतरत आलेला. त्यांनी विचारलं, "हे तुम्ही रोज बघत होता?" मी हो म्हटलं. त्यांनी मोबाइल परत दिला. 

राकेश सर एकदा येऊन गेले, आता फोन उचलत नाहीत. आबा म्हणाले, लंगड्या पोरीचं लग्न कोण करणार. त्यावर नम्रताने पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर दार लावलं.

वैष्णवी माझ्याशी बोलत नाही. नर्सने विचारलं, घरचं कोण हवंय का, तर तिने तुझं नाव सांगितलं.

ये.

रणजित

वारजे
१८ ऑगस्ट २०२४

चि. वैष्णवीस आशीर्वाद.

तुझ्या आत्याने तुला फलटणला नेलं त्याला आता बरेच दिवस झाले. तू पत्र पाठवत नाहीस, तुझी आई बसने येऊन भेटून जाते तेव्हा कळतं. कुबडी एकच राहिली असं म्हणाली. पुढच्या फोटोत हाडाला रक्त दिसलं तर बरं होईल. मी रोज देवाला हात जोडतो.

घरी सगळे बरे हायत. एक सांगायचं होतं. तुझ्या शंभूकाकाची दीक्षा आता नववीत गेली. तिला सायकलचं वेड लागलंय. तुझी सायकल तशीच उभी होती, सीट खाली करून तिला दिली. मीटरही नुसतं पडून होतं. विकायला गेलो तर निम्मे पैसे देतो म्हणाला. एवढ्या मोलाची वस्तू, म्हटलं वापरात येऊ दे.

तुला सांगतो, पोरीच्या पायात जोर हाय. या वयात तुझा एवढा आकडा नसता आला. आबासुद्धा बघायला गेटपर्यंत येतात.

या वेळी मी चुकणार नाही. वजनावर काही बोलत नाही. फक्त गोड आणि तळलेलं बंद केलंय, आणि काटा आठवड्यातून एकदाच.

तुला बरं वाटेल म्हणून कळवलं. काळजी घे.

तुझे पप्पा

फलटण
२३ ऑगस्ट २०२४

पप्पा,

तुम्हाला मी लिहिलेलं हे पहिलं पत्र. काय लिहायचं ते बरेच दिवस कळत नव्हतं, तुमचं पत्र आल्यावर कळलं.

मी बरी नाही. आई तुम्हाला सगळं सांगत नाही. मागच्या आठवड्यातला फोटो चांगला आला नाही. हाडाचा गोळा वाळत चाललाय, खुबा बदलावा लागेल, लवकर नाही तर दोन-तीन वर्षांत. पाळी अजून आलेली नाही. आत्या माझ्या ताटात वाढते आणि ते संपेपर्यंत समोरून उठत नाही. मी तिच्याशी फार बोलत नाही, पण जेवते. अजून प्रत्येक घासाला मनात भागाकार होतो. तो थांबत नाही. डॉक्टर म्हणतात, हाडापेक्षा याला जास्त वेळ लागेल.

मीटर वाईट होतं असं मला वाटत नाही. ते रोज खरं सांगत होतं, डावा पाय दुखतोय, पोरीच्या अंगात काही राहिलेलं नाही. तुम्ही त्याचा अर्थ लावलात, मी लबाडी करतेय. मी लावला, मी कमी पडतेय. ज्या दिवशी ते सत्तर हजारांचं घरात आलं, त्या दिवसापासून घरातल्या कोणी माझ्याकडे बघून मला काही विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

तुम्ही लिहिलंय, या वेळी चुकणार नाही. पप्पा, तुम्ही गोड बंद केलंय आणि काटा आठवड्यातून एकदा. माझंही असंच सुरू झालं होतं. दीक्षा चौदा वर्षांची आहे.

मी रविवारी येते आहे. आत्या नको म्हणते, बसच्या पायऱ्या उंच असतात. तरी येणार आहे. स्वारगेटला घ्यायला येऊ नका. मी आधी शंभूकाकांकडे जाईन आणि काकूसमोर दारापासून स्वयंपाकघरापर्यंत चालून दाखवेन. मग डॉक्टरांचे कागद दाखवेन. नंतर काकूला जे ठरवायचं ते ठरवू दे. आबांना त्या वेळी तिथे बसायचं असेल तर बसू दे, मला चालेल.

तोवर एक करा. दीक्षा शाळेतून आली की तिला विचारा, आज काय खाल्लं. ती खोटं सांगेल. मी रोज सांगायचे. तरी विचारा, आणि ती सांगत असताना तिच्याकडे बघा.

वैष्णवी